सहा फुटी माणूस, अर्धा इंच

शुक्रवारची रात्र. ऑफिसातली अख्खी गँग 'आज कुठे बसायचं' या गहन प्रश्नावर चर्चा करत असते आणि मी सव्वानऊची लोकल पकडून घरी पळत असतो. का? तर माझं विमान वाळत ठेवलेलं असतं.

हसू नका. सिरियसली सांगतोय. मी प्लॅस्टिकची विमानं बनवतो. म्हणजे उडणारी नाहीत, रिमोटचीही नाहीत. डब्यात सुटे भाग येतात, ते फ्रेममधून कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि शेवटी शेल्फवर ठेवून लांबून बघत बसायचं. 'मग त्याचं पुढे काय करतोस?' हा प्रश्न मला आजवर किमान दोनशे लोकांनी विचारलाय. उत्तर एकच. काही नाही. बघतो.

मुलुंडमधल्या वन बीएचकेत हा छंद करायचा म्हणजे बायकोशी रोजचे तह आणि रोजच्या लढाया. थिनरचा वास, डायनिंग टेबलावर पसरलेले पंख, आणि तिचा नेल बफर गायब. (तो खरंच भारी चालतो. पंखाच्या जोडावरची रेघ त्याने जशी गुळगुळीत होते तशी कुठल्याच पॉलिश पेपरने होत नाही.) कपाटाच्या वर न उघडलेले सतरा डबे आहेत. बायको म्हणते, आधी हे संपव, मग अठरावा आण. तिला कोण सांगणार की डबे संपवायचे नसतात, साठवायचे असतात!

कंगव्यापासून विमानापर्यंत

या छंदाचा इतिहास सॉलिड गमतीशीर आहे. एअरफिक्स हे नाव ऐकलं असेल. निकोलस कोव्ह नावाच्या मूळच्या हंगेरियन माणसाने १९३९ मध्ये लंडनमध्ये ही कंपनी काढली, ती हवा भरलेली रबरी खेळणी बनवायला. पुढे ते प्लॅस्टिकचे कंगवे बनवू लागले. साच्यात प्लॅस्टिक ओतायचं मशीन हाताशी होतंच. १९४९ मध्ये एका ट्रॅक्टर कंपनीसाठी त्यांनी ट्रॅक्टरचं छोटं मॉडेल केलं आणि तिथून गाडी जी सुटली ती जहाजं करत करत विमानांवर येऊन थांबली. स्पिटफायर हे त्यांचं पहिलं विमान, १९५० च्या दशकातलं. २००६ मध्ये कंपनी डबघाईला आली आणि हॉर्नबी या आगगाड्यावाल्या कंपनीने ती विकत घेतली. आणि मजा म्हणजे नंतरच्या कितीतरी एअरफिक्स डब्यांवर चक्क 'मेड इन इंडिया' छापलेलं आहे. इंग्लंडचं स्पिटफायर, साच्यातून निघालं भारतात, आणि मी ते मुलुंडमध्ये बसून इंग्लंडच्या रंगात रंगवतोय.

या दुनियेत सगळ्यात लोकप्रिय माप म्हणजे १:७२. हा विचित्र आकडा कुठून आला? सोपं आहे. सहा फूट म्हणजे ७२ इंच. म्हणजे या मापात सहा फुटी माणूस बरोब्बर एक इंचाचा होतो. लढाऊ विमानं या मापात तळहातावर मावतात. प्रवासी विमानं मोठी, म्हणून ती १:१४४ मध्ये करतात. तिथे सहा फुटी माणूस अर्ध्या इंचाचा.

हे अर्ध्या इंचाचं गणित लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

सासुरवाडीला डबा घेऊन

गणपतीच्या आधीचा वीकएण्ड होता. बायकोचं माहेर शहापूर. सासूबाईंचा फोन आला, या दोन दिवस. मी म्हटलं, येतो, पण सोबत एक डबा असेल. बायकोने कपाळावर हात मारला.

डब्यात होतं अर्धं झालेलं डीसी-८. १:१४४ मध्ये साधारण ३२ सेंटिमीटर लांब. १९६० च्या दशकातलं चार इंजिनांचं प्रवासी जेट. माझ्या डोक्यात मोठा प्लॅन शिजत होता. मॉडेलवाल्या मित्रांचं एक छोटं प्रदर्शन होतं आणि मला तिथे भाव खायचा होता. म्हणून मी डायोरामा करायला घेतला होता. डायोरामा म्हणजे नुसतं विमान नाही, तर आजूबाजूचा अख्खा देखावा. माझा देखावा होता एका अपघाताचा.

७ जुलै १९६२. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. सिडनीहून निघून डार्विन, बँकॉक करत अलिटालियाचं डीसी-८ मुंबईकडे येत होतं. पुढे कराची, तेहरान आणि शेवटी रोम. मुंबई सुमारे ८० किलोमीटरवर असताना ते जुन्नर तालुक्यातल्या दावंड्याच्या डोंगरावर, माथ्याजवळ, सुमारे ३६०० फुटांवर आदळलं. आत ९४ माणसं होती. एकही वाचला नाही. चौकशीतून निघालेलं कारण असं, की वैमानिकांना आपण मुंबईच्या बरेच जवळ पोचलोय असं वाटलं. तेवढे जवळ ते नव्हते. विमान वेळेआधीच खाली आलं.

जुन्नर म्हणजे माळशेजच्या डोक्यावर. आणि माळशेजच्या पायथ्याशी मुरबाड तालुका. तिथे बायकोच्या आईचं माहेर. म्हणजे ज्या डोंगररांगेच्या पलीकडे हे घडलं, ती माझ्या आजेसासऱ्यांच्या अंगणातून दिसते. म्हटलं, चला, प्रत्यक्ष डोंगर बघू, फोटो काढू, तसाच थर्मोकोलचा करू. मोडलेला पंख, काळे पडलेले खडक. सही दिसेल!

आता हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण तेव्हा खरंच असंच वाटत होतं.

शहापूर : डोळे काढू नका

ठाण्याला गाडी बदलून आसनगाव लोकल. टिटवाळा सुटलं की मुंबई सुटते. खडवली, वासिंद, आणि मग खिडकीत माहुली उभा राहतो. ठाणे जिल्ह्यातला हा उंच किल्ला. त्याचे ते सुळके बघितले की कळतं ट्रेकर लोक वेडे का होतात ते. १६३६ मध्ये शहाजीराजे याच किल्ल्यावर वेढ्यात अडकले होते. आमच्या वेळी त्याचा फक्त पायथा दिसत होता. वरचा सगळा किल्ला ढगांनी गिळलेला.

सासऱ्यांच्या घरी पोचलो, आणि पहिला सवाल, 'जावईबापू, पाणी आलं का हो तुमच्याकडे नीट?' शहापूरकरांचा हा टोमणा समजायला मला लग्नानंतर दोन वर्षं लागली. तानसा, मोडकसागर, भातसा. मुंबईची तहान भागवणारी ही धरणं याच तालुक्यातली. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतोय. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतात. मी विमानाची स्टिकर्स ज्या वाटीत भिजवतो त्या वाटीतलं पाणी माझ्या सासुरवाडीहून येतं. बायको भांडणात हा मुद्दा हमखास काढते. आणि त्यावर मला आजवर उत्तर सुचलेलं नाही.

संध्याकाळी पाऊस थांबला तसं सासरेबुवा गणपती बघायला कारखान्यात घेऊन गेले. पत्र्याची लांबलचक शेड, ओळीने मांडलेल्या मूर्ती, दोऱ्यांवर लटकणारे दिवे. मूर्तिकार खाली मांडी घालून एका मूर्तीची आखणी करत होते. आखणी म्हणजे डोळे काढणं. सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम. श्वास रोखलेला, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवलेली, ब्रशचं टोक केसाएवढं.

मी बघतच राहिलो. करंगळी टेकवायची! गेली चार वर्षं माझा हात थरथरतोय आणि उपाय इतका साधा?

मग राहवेना. मोबाइलवर माझ्या नॅटचा फोटो दाखवला. नॅट म्हणजे १९६५ च्या युद्धात गाजलेलं आपलं पिटुकलं लढाऊ विमान. १:७२ मध्ये त्याचा वैमानिक बसलेला, डोकं जेमतेम तीन मिलिमीटर. त्याला मी मोठ्या कष्टाने डोळे काढलेले. त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले,

'हा घाबरलेला का आहे?'

सगळी शेड हसली. मग त्यांनी समजावलं. एवढ्या लहान तोंडाला डोळे काढायचेच नसतात. पांढरं केलं की बटाट्यासारखे बाहेर येतात. भुवईखाली नुसती सावली द्या, बघणारा डोळे आपल्या मनाने बघतो. 'मोठ्या मूर्तीला डोळे आपण देतो. लहानीला बघणाऱ्याने द्यायचे.'

मी लगेच दुसरी अडचण काढली. पावसाळ्यात माझा चकचकीत रंग चुना फासल्यासारखा पांढरट पडतो. हवेतल्या दमटपणाचा प्रताप. त्यांनी कोपऱ्यातल्या पिवळ्या बल्बकडे बोट दाखवलं. रंग पातळ ठेवा, दोन हात द्या, बल्बच्या उबेत वाळवा. पण हे रंगापुरतं हं. ओल्या मातीला असली घाई केली तर ती तडकते.

एवढं ज्ञान मला महागड्या पुस्तकांतूनही मिळालं नव्हतं. आणि फी किती? एक चहा, तोही त्यांनीच पाजला.

मुरबाड : डोंगर कुठला?

रविवारी सकाळी सासऱ्यांची बाइक काढली. मागे बायको, तिच्या मांडीवर डबा, डब्यावर प्लॅस्टिकची पिशवी. शहापूर, किन्हवली, सरळगाव. हा रस्ता एकदा तरी पावसाळ्यात कराच. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, इतकी हिरवी की डोळ्यांना त्रास व्हावा. मध्येच नदी, मध्येच साग, आणि ट्रॅफिक म्हणाल तर म्हशी. सरळगावला कल्याण-माळशेज रस्ता लागतो. उजवीकडे मुरबाड, डावीकडे घाट. आम्ही डावीकडे वळलो. टोकावड्याच्या आसपास आबांचं घर.

आबा म्हणजे बायकोच्या आईचे वडील. ऐंशीच्या पुढे. कान थोडे कमी, बाकी सगळं ठणठणीत. ओसरीवर बसून पावसाकडे बघत होते. चहा झाला, तांदळाची भाकरी झाली, मग मी हळूच डबा उघडला.

आबांनी विमान हातात घेतलं. उलटंपालटं केलं. माझ्या सासऱ्यांसारखं 'केवढ्याला?' नाही विचारलं. विचारलं, 'यात किती माणसं?'

मी सांगितलं, ९४. आणि मग सगळी गोष्ट सांगितली. त्यांना ती माहीत होती. त्यांच्या तरुणपणीची. दोनतीन दिवसांनी बाजारात कळलं म्हणे, वर जुन्नरकडे विमान पडलं. इकडची माणसं तेव्हा नाणेघाटाने चालत वर जायची, तिकडची खाली यायची, बातम्या त्याच वाटेने उतरायच्या. सातवाहनांच्या काळापासूनची वाट ती. एकेकाळी तिथे व्यापाऱ्यांकडून जकात घ्यायचे. साठच्या दशकातही ती पायवाट चालू होती.

'आवाज ऐकू आला होता का, आबा?'

'पावसात आवाज कसला कळतोय? डोंगर रोजच गडगडतो.'

मग मी मोबाइलवर माझा डोंगर दाखवला. थर्मोकोल कापून, प्लॅस्टर लावून, करडातपकिरी रंग मारून केलेला. कडे, कपारी, सुकं गवत, सगळं. तीन आठवड्यांची मेहनत. आबांनी फोटो लांब धरून बघितला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

'हा उन्हाळ्यातला आहे,' ते म्हणाले.

'म्हणजे?'

त्यांनी समोर हात केला. 'कुठं आहे डोंगर? दाखवा.'

मी बघितलं. समोर अंगण, अंगणापुढे खाचर, खाचरापुढे झाडांची एक ओळ आणि त्यापुढे काहीच नाही. पांढरं. नाणाचा अंगठा, जीवधन, सगळी सह्याद्रीची भिंत तिथेच होती, काही किलोमीटरवर, हजारो फूट उभी. आणि दिसत नव्हती. भर दुपारी बारा वाजता.

'श्रावण संपत आला तरी हे असं. आषाढात तर तिथं डोंगर कुठला, जावईबापू? नुसतं धुकं. त्यांना डोंगर दिसला असता तर आदळले असते का?'

मी गप्प.

'आणि पडलेलं कशाला करता? ज्यांची माणसं त्यात होती त्यांनी बघितलं तर?'

आवाजात राग नव्हता. साधा प्रश्न होता. मला एकदम ते गणित आठवलं. माझ्या मॉडेलमध्ये माणसं नव्हतीच. १:१४४ मध्ये प्रवासी विमानाच्या खिडक्या म्हणजे स्टिकरची एक रांग, बस. आत पोकळ. तिथे अर्ध्या अर्ध्या इंचाची ९४ माणसं बसवायची असतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फक्त तुटलेला पंख रिअलिस्टिक कसा दिसेल याचा विचार करत होतो.

ओसरीवर बसून मी आणखी एक हिशोब केला. विमानाच्या मापात तो ३६०० फुटांचा डोंगर करायचा तर तो २५ फूट उंच होईल. माझ्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्याहून उंच. आणि ८० किलोमीटरवरचा मुंबईचा रनवे? त्या मापात साधारण साडेपाचशे मीटर. मुलुंड स्टेशनपासून माझ्या घरापर्यंत जेवढं अंतर तेवढंच. रोज मी ते सात मिनिटांत चालतो. तेवढंच राहिलं होतं. आणि त्यांना वाटत होतं, त्याहून कमी राहिलंय.

परतीचा पाऊस

येताना मुरबाडमार्गे आलो. बाइक सासऱ्यांचा पुतण्या घेऊन गेला, आम्ही मुरबाड स्टँडवरून कल्याणची एसटी धरली. मुरबाड म्हणजे आमच्या बाजूला लोकांना फक्त माळशेजच्या वाटेवरचा भजीचा स्टॉप. खरं तर थांबावं असं बरंच आहे. पौष पौर्णिमेला जवळच्या म्हसाची जत्रा भरते, बैलांच्या बाजारासाठी लांबलांबहून लोक येतात. आणि सिद्धगडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रज पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. दर वर्षी त्या दिवशी लोक तिथे जमतात. या डोंगरांना माणसं आठवायची सवय आहे. तीही मेलेली कशी दिसत होती यासाठी नाही.

एसटीत बायको म्हणाली, 'आता काय, टाकून देणार?'

'नाही. बनवणार. पण डोंगर नाही.'

घरी आल्यावर थर्मोकोलचा डोंगर सोसायटीच्या पोरांना दिला. गणपतीच्या डेकोरेशनमध्ये तो कैलास पर्वत म्हणून खपला. त्या मापात कैलास फारच बुटका होता, पण तक्रार कोणी केली नाही.

विमान मी उडतं केलं. हे बोलायला सोपं आहे. बहुतेक किट्स चाकं खाली घेऊन उभं करण्यासाठी बनवलेली असतात. चाकं आत घेतली की पोटाखालचे दरवाजे बंद करावे लागतात आणि ते कधीच नीट बसत नाहीत. पुट्टी भरा, वाळवा, घासा, परत पुट्टी. चार रात्री त्यातच गेल्या. शेपटीवर त्या काळचं अलिटालियाचं पंखवाल्या बाणाचं चिन्ह, पुढे जगभर ओळखीचा झालेला हिरवालाल 'ए' नाही. ती कंपनीही आता राहिली नाही, २०२१ मध्ये तिचं शेवटचं उड्डाण झालं. पांढरा रंग दोन पातळ हातांत, टेबललॅम्पच्या पिवळ्या बल्बखाली वाळवला. एकदाही चुना पडला नाही. खिडक्यांची स्टिकर्स लावताना करंगळी टेकवली. हात हलला नाही.

खाली बेस म्हणून नुसता करडा, मॅट रंगाचा लाकडी तुकडा. डोंगर नाही, दिवे नाहीत, कापसाचे ढग तर अजिबात नाहीत. एका बारीक तारेवर विमान, नाक किंचित खाली. समोर काहीच नाही.

प्रदर्शनात बक्षीस मिळालं नाही. एकाने विचारलं, 'बेस अर्धवट राहिला का रे?' मी म्हटलं, नाही, पूर्ण आहे. दिवाळीत आबांना व्हिडिओ कॉलवर विमान दाखवलं. त्यांनी ते बघितलं, मान हलवली आणि विचारलं, 'पाणी येतंय ना नीट?'

बायको अजून हसतेय.

वीकएण्डला जायचंय?

शहापूर : आसनगाव किंवा कसारा लोकल पकडा, आसनगावला उतरा. तिथून शहापूरला रिक्षा मिळतात. माहुलीचा ट्रेक करणार असाल तर पावसात वाटाड्या घ्या, सुळक्यांच्या नादी लागू नका.

मुरबाड : कल्याणहून एसटी. पुढे टोकावडे, वैशाखरे आणि नाणेघाटाची पायवाट, किंवा सरळ माळशेज. पावसाळ्यात धबधब्यांवर कधीकधी बंदी असते, निघण्याआधी चौकशी करा. आणि घाटात धुकं असेल तर गाडी थांबवा, चहा प्या. डोंगर तिथेच असतो.

विमान करून बघायचंय? पहिल्यांदाच मोठं काही घेऊ नका. १:७२ मधलं साधं लढाऊ विमान घ्या. मिग-२१ चालेल. शहापूरवरून जाणारा महामार्ग पुढे नाशिकला जातो, तिथल्या ओझरच्या कारखान्यात ती बनायची. २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलाने त्यांना निरोप दिला, म्हणजे आता ती फक्त शेल्फवरच. हत्यारं मोजकीच : छोटा कटर, धारदार ब्लेड, चारशे ते दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर, प्लॅस्टिकचा सिमेंट गम. हा गम चिकटवत नाही, प्लॅस्टिक वितळवून सांधतो, म्हणून थेंबभरच. रंगवताना खिडकी उघडी आणि तोंडाला मास्क. नेल बफर मात्र स्वतःचा विकत घ्या. अनुभवाचे बोल आहेत.